माघातली गर्दी, भादव्यातली फुलं

एस.टी.त मी एकोणतीस वर्षं कंडक्टरकी केली. त्यातली निम्मी तरी पोलादपूरच्या आतल्या खोऱ्यांत. संध्याकाळी गाडी आत जायची, शेवटच्या गावाला मुक्काम करायची आणि पहाटे दुधाच्या किटल्या, भाजीचे भारे, शाळेची पोरं आणि कोर्टाच्या तारखा घेऊन बाहेर यायची. अशा गाडीवरच्या कंडक्टरला गाव तिकिटावरून कळतं. कोण कुठं चढलं, हातात काय आहे, परतीला कोण नाही, एवढ्यावरून कोणाच्या घरात काय शिजतंय याचा अंदाज येतो. उमरठ मला असं कळलं. नरवीर तानाजी मालुसऱ्यांचं गाव म्हणून ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मला आधी तिथली चढउतार पाठ झाली. समाधीपुढं हात जोडायला उतरलो तो चार महिन्यांनी.

त्या चढउतारीत एक गोष्ट डोळ्यांवर यायची. माघात पुण्यतिथीच्या दिवशी गाडीत उभं राहायला जागा नसायची. फेटे, झेंडे, ढोल, घसा बसलेली पोरं. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा रिकामी. आणि भादव्यात चाकरमानी गौरी-गणपतीला येऊन गेले की बाहेरचं माणूस औषधालाही नसायचं. नेमकं तेव्हाच त्या खोऱ्याकडं बघत बसावं असं वाटायचं. खिडकीची काच वाफेनं भरलेली असायची. ती बाहीनं पुसली की दोन्ही अंगाला हिरवी खाचरं आणि प्रत्येक खाचराला गुलाबी काठ, नव्या लुगड्याला असतो तसा. ड्रायव्हरला मी म्हणायचो, जरा हळू घे. तो म्हणायचा, हळूच आहे, तू तिकिटं काढ.

हल्ली हे उलटायला लागलंय. जानेवारी २०२० मध्ये ‘तान्हाजी’ सिनेमा आला, तेव्हापासून समाधीला येणाऱ्यांची वर्दळ वाढली. त्यातलंच कोणी पावसाळ्याच्या शेवटी आलं असणार आणि बांधावरच्या फुलांचे फोटो काढून गेलं असणार. आता सप्टेंबरातल्या रविवारी उमरठच्या फाट्यावर, कापड्याला उभं राहिलं तर पुण्या-मुंबईच्या नंबरच्या गाड्या आत वळताना दिसतात. काच खाली करून विचारतात, ‘काका, फुलांचं पठार कुठल्या बाजूला?’

पठार नाही हो. बांध आहेत. सगळा घोळ या एका प्रश्नात आहे, आणि हा लेख त्या प्रश्नासाठीच लिहायला घेतलाय.

पठार म्हटलं की लोकांच्या डोक्यात कास असतं. मीही गेलोय कासला, तिकीट काढून. जन्मभर दुसऱ्यांची तिकिटं फाडलेल्या माणसाला स्वतःचं तिकीट काढून रांगेत उभं राहायची मजा वेगळीच. कास साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून नोंदवली, त्यांत महाराष्ट्रातली चार होती, कोयना, चांदोली, राधानगरी आणि कास. तिथं फुलं येतात ती जांभ्या कातळावर, बोटभर मातीत. तिथं नांगर चालत नाही, कधी चाललाही नसेल. तिथलं फूल खरोखरच आपल्या जिवावर उगवतं. आजूबाजूच्या गावांची मंडळी तिथली व्यवस्था सांभाळतात, दिवसाला किती माणसं सोडायची ते ठरलेलं असतं, आणि हे सगळं मला पटलं. पण तिथंसुद्धा एक धडा मिळालाच. पठाराला कुंपण घातलं, गुरं चरायची थांबली, तर गवतच माजून फुलांच्या डोक्यावर बसायला लागलं अशी ओरड झाली आणि घातलेलं कुंपण काढायची वेळ आली.

उमरठचं सगळंच निराळं. मुंबई-गोवा महामार्गावरच्या पोलादपुरातून महाबळेश्वरचा, म्हणजे आंबेनळी घाटाचा रस्ता धरायचा आणि कापड्याला घाट सोडून आत वळायचं. पुढं रस्ता ढवळ्यापर्यंत जातो. चंद्रगडाला आणि ढवळे घाटानं वर आर्थर सीटला जाणारी ट्रेकर पोरं मी त्यांच्या बोजड सॅकांसकट बसवलीत आणि त्या सॅका बाकावर ठेवल्या म्हणून त्यांच्याशी भांडलोही आहे. उमरठ या वाटेवर. समोर महाबळेश्वरच्या डोंगराची भिंत. वर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो. तो सगळा काही वेण्णा तलावात राहत नाही, निम्मा आमच्या अंगावर येतो. श्रावणात ती भिंत आठ-आठ दिवस दिसत नाही, नुसती ऐकू येते.

हे पाणी अडवायचं आणि खाली सोडायचं, सोडताना माती जाऊ द्यायची नाही, यातच या गावांची शेती आहे. म्हणून उतारावर पायऱ्या. एका खाचरातून पाणी खालच्या खाचरात उतरतं आणि मधे दीड हात रुंदीचा बांध. उमरठची फुलं या बांधावर आहेत.

एक बांध जवळून बघा म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. पाण्याच्या अंगाला, जिथं चिखल ओला राहतो, तिथं सीतेची आसवं. निळसर जांभळी, करंगळीच्या नखाएवढीही नाहीत, चिखलावर ठिपके पडल्यासारखी. हे एवढंसं रोप जमिनीखालच्या बारक्या फुग्यांत किडे पकडून खातं, असं मला शाळेची सहल घेऊन आलेल्या एका मास्तरांनी सांगितलं होतं. त्या दिवसापासून सीतामाईबद्दल मला जरा धाक वाटतो. माथ्यावर तेरडा, दाटीवाटीनं. हात लावला की त्याची पिकलेली बोंडं फटकन फुटतात आणि बिया चार हातांवर उडतात. पोरांचा हा भादव्यातला खेळ. कोरड्या अंगाला कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे, त्यांच्या पायाशी केना. केन्याचं निळं फूल सकाळच्या गाडीला उघडं असतं, दुपारच्या गाडीला मिटलेलं. वईवर कळलावी. ती पानाच्या टोकाचीच तार करून आधाराला विळखा घालते. फूल खाली पिवळं, वर लाल, जाळ पेटल्यासारखं. तिला वाघनखीही म्हणतात. घाटानं वर गेलं की प्रतापगडच, त्यामुळं पाहुण्याला हे नाव सांगितलं की तो लगेच खूश होतो. त्याला हेही सांगावं लागतं की कंद जहरी आहे, पोराच्या हातात देऊ नका.

यातली निम्मी ‘फुलं’ आमच्याकडं फुलं म्हणून कोणी मोजत नाही. कुर्डू कोवळा असताना त्याची भाजी होते, केन्याची भजी होतात, भारंगीचा मोहोरही चुलीवर जातो. कासला ज्या पिवळ्या फुलाला लोक मिकी माउस म्हणून वाकून-वाकून बघतात, त्या कवल्याच्याच घराण्यातल्या एका पाल्याची भाजी पावसाळ्यात आमच्या घराघरांत असते. आणि तेरडा तर देवच. गौर येते ती तेरड्याच्या रूपानं. बायका रोप मुळासकट काढतात, मुळं धुतात, ती गौरीची पावलं. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण ज्यानं काढली त्यानं गौर फक्त विसर्जन होताना पाहिली असणार. बांधावर तो रंग दीड-दोन महिने हलत नाही.

गौरीच्या आदल्या दिवशी पहाटेच्या गाडीला एक म्हातारी हमखास असायची. पोलादपूरच्या बाजारात तेरड्याच्या जुड्या विकायला न्यायची. डोक्यावर एवढा भारा की दारातून आत येईना. एकदा मी गमतीनं म्हटलं, ‘आजी, याचं सामानाचं तिकीट लागंल.’ ती म्हणाली, ‘गौर हाय ती. माहेरवाशिणीकडनं भाडं घेतोस?’ सगळी गाडी हसली. मी चिमटा खिशात टाकला.

तर मुद्द्यावर येतो. या बांधावर फुलं का टिकतात? रानफूल म्हटलं की लोकांना वाटतं माणूस नाही तिथं ते उगवतं. इथं नेमकं उलटं आहे. पावसाच्या तोंडाला बांधाला चिखल लावून लिंपतात. पावसात गवत वाढलं की विळ्यानं कापून गुरांना घालतात. भात घरात आलं की खाचरात आणि बांधावर गुरं सोडतात. माघ-फाल्गुनात राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, झाडांचं कवळ तोडतात आणि जाळतात. वर्षभर ही झटापट असते म्हणून बांधावर झुडूप धरत नाही, आणि झुडूप नाही म्हणून तेरड्याला ऊन मिळतं. ते बी कोणी पेरलेलं नाही हे खरं. पण त्याची जागा कोणीतरी दर साली कंबर वाकवून राखलेली असते.

हे मला पुस्तकानं शिकवलेलं नाही, माझ्याच शेतानं शिकवलं. माझं गाव महाड तालुक्यात, बिरवाडीच्या पुढं. वडिलांची तीन खाचरं होती. ते गेले तेव्हा मी मुक्कामी गाडीवर, भाऊ बडोद्याला. पड टाकली. पहिल्या साली तेरडा बांधावरून खाली खाचरात उतरला, सगळं शेत गुलाबी. बायको म्हणाली, बघा, बाग झाली. मलाही बरं वाटलं. मनातली बोच कमी झाली. दुसऱ्या साली गवत कमरेला. तिसऱ्या पावसात वरचा बांध फुटला आणि पाणी ठरेनासं झालं. मग रानमोडी आली. मूळची अमेरिकेकडची, आता अख्ख्या कोकणाची. तिच्याखाली दुसरं काही उगवत नाही. त्यानंतर घाणेरी. आज माझ्या शेतात दिवसासुद्धा डुकराच्या भीतीनं कोणी जात नाही आणि फूल म्हणाल तर घाणेरीचं तेवढं मिळेल. निसर्गाच्या हवाली केलं की सगळं फुलतं असं म्हणणाऱ्याला मी तिथं घेऊन जाईन.

उमरठच्या खोऱ्यातही हे चालू झालंय. गाडीतून जाताना दिसतं: चार खाचरं कसलेली, पाचवं पड, सहावं पड, मग पुन्हा दोन कसलेली. जे कसतात त्यांत साठीच्या आतलं माणूस शोधावं लागतं. मागल्या भादव्यात मी प्रवासी म्हणून गेलो होतो, तेव्हा शेजारी-शेजारी दोन बांध पाहिले. एक गुलाबी, दुसरा करपून पिवळा, जसा वणव्यानंतर दिसतो. त्यावर तणनाशक मारलं होतं. मालक बांधावरच बसला होता. मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, ‘कापाय माणूस कुटं हाय? पोरगा मुंबईत, सुनंला सुट्टी नाय. गुरं इकून टाकली. गवत कापून घालू कुनाला?’ याला काय उत्तर देणार? कापलेल्या गवताला गिऱ्हाईक नसेल तर विळा कशाला उचलायचा! तेरडा संपतो तो फुलं तोडणाऱ्यांमुळं फारसा नाही, बैल गेल्यामुळं संपतो.

म्हणून जेव्हा कोणी म्हणतं की उमरठला निसर्ग बघायला आलो, तेव्हा मला सांगावंसं वाटतं की शेती बघायला आलात. आणि इतिहास बघायला आलात तरी शेतीच बघायला आलात.

या दुसऱ्या वाक्याला लोक बिचकतात, म्हणून जरा सांगतो. तानाजी जिथं पडले ती कोंढाण्याची लढाई ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीची, तिथीनं माघ वद्य नवमी. त्यांच्या मुलाच्या, रायबाच्या लग्नाची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. त्या गोष्टीतला माघ महिना मात्र कोणी बघत नाही. माघ म्हणजे काय? भात झोडून कणगीत गेलेलं, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, हात मोकळे, लग्नाचे दिवस. पावसाळ्यात फौजा छावणीला आणि दसऱ्याला बाहेर, हा त्या काळचा शिरस्ता. हशमांतली, म्हणजे पायदळातली कितीतरी माणसं शेतकऱ्याच्या घरची. लग्न आणि मोहीम एकमेकांवर आदळली ती दोन्ही एकाच मोकळ्या हंगामातली म्हणून. तानाजींचा जन्म साताऱ्याकडच्या गोडवलीचा सांगतात, पण समाधी इथं. त्यांच्याबरोबर लढलेल्या शेलारमामांची समाधीही उमरठलाच आहे. कोंढाण्यावरून तानाजींचा देह ज्या घाटानं खाली कोकणात आणला त्याला मढे घाट नाव पडलं असं म्हणतात. केळदकडून उतरणारी ती वाट आजही पोरं तुडवतात. त्या वाटेनं देह आणला तेव्हा खाली खाचरांत काय असेल? कापलेल्या भाताचे खुंट. डोंगराला लाल फुललेल्या काटेसावरी. आणि कुठंतरी राबाचा धूर.

माघात येणाऱ्याला हे दिसतं, पण खाचर सुकलेलं असतं, त्यामुळं ते त्याला मैदान वाटतं. मंडप टाकायला, गाड्या लावायला बरं. त्यानं भादव्यात एकदा यावं. आठ महिन्यांच्या तलवारीमागं चार महिन्यांचा चिखल असतो, तो चिखल तेव्हा दिसतो.

आता मागल्या भादव्यातलीच हकिगत. समाधीच्या अंगणात एक गाडी थांबली. बॉनेटवर भगवा, सहा पोरं, प्रत्येकाच्या शर्टावर महाराज. मुजरा केला, घोषणा दिल्या. मला आवडलं, पोरं भक्तीनं आली होती, त्यात खोट नव्हती. मग फुलं दिसली. एकानं मोबाईल धरला, बाकीचे बांधावरून चालत गेले, आणि बांध अरुंद म्हणून खाली खाचरात उतरले. भात पोटरीला आलेलं. म्हणजे ज्याला समजत नाही त्याच्यासाठी सांगतो, लोंबी अजून पानाच्या पोटात असते, ताट फुगलेलं असतं. या दिवसांत मोडलेलं ताट पुन्हा उभं राहून दाणा देत नाही. पाच-सहा जणांनी दोन-चार मिनिटं नाचून घेतलं. पलीकडच्या बांधावर एक बाई गवताचा भारा बांधत होती. ती काही बोलली नाही. पोरं गेल्यावर आली, खाली बसली आणि एकेक ताट उचलून शेजारच्या ताटांना टेकवत राहिली. मी म्हटलं, वहिनी, हे उभं राहील का? म्हणाली, ‘नाय राहणार. पन पडलेलं बगवत नाय.’

चिपळूणजवळ छावणीला असलेल्या आपल्याच लष्कराला शिवाजी महाराजांनी पाठवलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या दाण्याला, गवताला, भाजीला हात लावू नका, लागेल ते बाजारातून विकत घ्या, नाहीतर लोक म्हणतील यापेक्षा मोगल परवडले, असा त्याचा आशय. मला ते पत्र उमरठच्या फाट्यावर मोठ्या अक्षरांत लावलेलं बघायचंय. स्वागताच्या कमानीचे पैसे वाचवून लावा.

आता दुसरी बाजू. ती मला एका पोरानं ऐकवली आणि तिचं पुरतं उत्तर माझ्याकडं नाही. सुरतेला हॉटेलात काम करतो, गणपतीला आला होता. म्हणाला, ‘काका, तुम्हाला पेन्शन आहे, तुम्हाला शांतता पायजे. आम्हाला गर्दी पायजे. कासला आजूबाजूच्या पोरांना काम मिळालं. वर भिलारला पुस्तकांचं गाव केलं, मांघरला मधाचं गाव केलं. आमच्या गावाला फुलांचं गाव करा म्हटलं तर काय चुकलं? मी सुरतेला दुसऱ्याची टेबलं पुसतो, हितं माझी पुसंन.’

पेन्शनचं बोलणं लागलं, पण खोटं नव्हतं. (एस.टी.ची पेन्शन किती असते हे त्याला माहीत असतं तर तो मुद्दा त्यानं काढला नसता, ते सोडा.) भिलारचं पुस्तकांचं गाव २०१७ चं, मांघरचं मधाचं २०२२ चं, आणि दोन्ही घाट चढला की आलीच. मधाचं गाव होऊ शकतं, कारण मधमाशी गावच्या रानावर जगते आणि मध डब्यात भरून विकता येतो. फुलांचं गाव करताना विकायचं काय? बघणं? बघायला येणारा एक दुपार थांबतो, घरून आणलेला डबा खातो, पाण्याच्या बाटल्या टाकतो आणि रात्रीच्या आत महाबळेश्वर गाठतो. त्यात गावाला कचरा मिळतो. मग गाडीतळ हवा म्हणून रस्त्याकडेची दोन खाचरं भरतील, ‘व्ह्यू’ हवा म्हणून उतार कापतील. २२ जुलै २०२१ च्या पावसात महाड तालुक्यातलं तळिये डोंगराखाली गेलं, त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथं माणसं गेली. हे ज्यांनी बघितलंय त्यांनी तरी इथल्या उताराला जेसीबी लावायच्या आधी दहादा विचार करावा.

पण पोराला मी नको म्हणालो नाही. त्याला म्हटलं, टेबलं मांड, पण भाताची मांड. तुझ्या आईच्या हातची नाचणीची भाकरी, कुर्डूची भाजी, उकड्या तांदळाची पेज याला पैसे देणारा माणूस आहे, तो पनीरला देणार नाही. पनीर त्याला सुरतेतही मिळतं. येणाऱ्याला दहा किलो तांदूळ विकत घ्यायला लाव, गावाच्या नावाच्या पिशवीत. उमरठचा तांदूळ म्हटल्यावर कोण घासाघीस करील? तो तांदूळ विकला गेला तर पाचवं-सहावं खाचर पुन्हा लागेल, बांध लिंपला जाईल, आणि मग तुझी फुलं. पोरगं हसलं. म्हणालं, काका, हिशोब उलटा लावलात. मी म्हटलं, कंडक्टरचा हिशोब आहे, आधी तिकीट, मग प्रवास.

त्याला तो पटला असं मी म्हणणार नाही. मोबाईलमध्ये बघत निघून गेला. पण पुढच्या गणपतीत टेबलं मांडणार आहे म्हणाला, आणि मी जाणार आहे जेवायला.

वाचकांपैकी कोणी यायचं म्हणत असेल तर गाडी पोलादपुरात ठेवा आणि एस.टी.नं या. माझ्या पोटाचा प्रश्न आता राहिलेला नाही, तरी हे सांगतोय. २०२३ पासून बायकांना अर्ध्या तिकिटात जाता येतं, पंच्याहत्तरी पार केलेल्यांना फुकट. फेऱ्या थोड्या आहेत, वेळ आधी विचारून घ्या, स्टँडवर तासभर बसावं लागेल. बसा. त्या तासात खोऱ्यातली माणसं भेटतील, आणि गाडीत बसल्यावर तुम्ही आपोआप पाहुणे होता. स्वतःच्या गाडीतून उतरलेला माणूस गिऱ्हाईक असतो. बांधावर एकामागं एक चाला. ओला बांध फार पावलं सोसत नाही, त्यामुळं वीस जणांचा घोळका असेल तर रस्त्यावरूनच बघा, तेवढंही पुष्कळ दिसतं. शेतात कोणी असेल तर आधी आवाज द्या. ‘येऊ का बांधावर?’ एवढं विचारलं की बहुतेक वेळा तुम्हाला चहा मिळेल.

मागल्या वेळी परत निघताना त्या ताटं उचलणाऱ्या वहिनींनी मला विचारलं होतं, तुमच्या शेतात काय लावता? मी खरं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. बांधावरून पिकल्या तेरड्याची दोन-तीन रोपं बोंडांसकट उपटली, माझ्या कापडी पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, ‘टाकून बगा. पन आदी बांद घाला, नायतर वाहून जातंय.’

पोलादपुरात गाडी बदलली, महाडला उतरलो, घरी आलो. बायकोनं भाजी असेल म्हणून पिशवीत हात घातला आणि दचकून मागं घेतला. बोंडं वाटेतच फुटायला लागली होती, उरलेली तिच्या हाताच्या धक्क्यानं फुटली. ओट्यावर, भांड्यांत, तिच्या पदरात, सगळीकडं बारीक काळ्या बिया. तिनं केरसुणी घेतली. मी म्हटलं, थांब, झाडू नकोस, वेचायच्यात. मग आम्ही दोघंही ओट्याखाली वाकून बसलो.